उघड्या मांडणीवरच्या सहा बाटल्या

सरांच्या हातात काहीही द्या, ते आधी पालथं करून बघायचे. पेरू दिला तरी, पाकीट दिलं तरी, मस्टरवर सही करायला पेन दिलं तरी. विद्यार्थ्यानं जर्नल पुढं केलं की पहिलं पान उघडायच्या आधी सर ते उलटं धरून झटकायचे. आतून दुसऱ्याच्या वहीचं पान पडतंय का, ते बघायचं असायचं. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "मला शक हाय."

कशाचा शक, ते मात्र सांगायचे नाहीत.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. कंडक्टर ‘येरमाळा, येरमाळा’ म्हणून ओरडत असला तरी खाली उतरून बसची पाटी वाचून येणारा. अशा माणसाबरोबर तासाभराचा प्रवाससुद्धा नकोसा होतो. मी त्यांच्याबरोबर एकाच प्रयोगशाळेत सहा वर्षं काढली. आणि मीही काही गरीब गाय नाही.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. नवरा इथंच होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. येडशीहून रोज जाऊन-येऊन करते. बाटल्या पुसणं, काचेचं सामान धुणं, पोरांनी काय फोडलं त्याची नोंद ठेवणं, हे माझं काम. माझ्या आधीच्या काकांनी निवृत्त होताना मला एक गोष्ट बजावून सांगितली होती. मांडणीवरची प्रत्येक बाटली रोज सकाळी पुसायची, आणि पुसली की एकदा पालथी करून पुन्हा सरळ करायची. म्हणजे बूच अडकून बसत नाही आणि तळाला गाळाचा दगड होत नाही. रविवार सोडला तर मी हे कधी चुकवलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत बूच निघत नाही म्हणून बाटली फोडावी लागली, असं एकदाही झालेलं नाही. याचा मला अभिमान होता.

सर बदलून आमच्याकडं आले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. अणदूरकडचे. वडील भांड्यांना कल्हई लावायचे, बाजारच्या दिवशी भाता घेऊन झाडाखाली बसायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "सर, सगळं पालथं कशाला करून बगता?"

"अब्बांची सवय. भांडं घेताना पालथं करून उन्हात धरायचे. भोक असलं तर त्या बाईला तितंच दाखवायचं. न्हाय तर सांजच्याला म्हननार, तुमीच पाडलं." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा न बगता घेतलं त्यांनी. लई वर्सं त्या गावात पाऊल ठिवता आलं न्हाय."

ते ऐकून मला त्यांच्याबद्दल थोडं बरं वाटलं. फार नाही.

मग एक दिवस सरांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक चाक उभं केलं. सायकलच्या रिमएवढं, पण अगदी संथ फिरणारं. त्याची मोटर लग्नाच्या स्टेजवर फिरणाऱ्या थर्माकोलच्या मोराची होती. सरांच्या चुलतभावाचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता, त्याच्याकडून आणली होती. वीज गेली तर चाक थांबू नये म्हणून खाली गाडीची बॅटरी. चाकाला सहा लहान, तपकिरी काचेच्या बाटल्या बांधलेल्या. गळ्यापर्यंत भरलेल्या, आत हवेचा एक बुडबुडा नाही. पोरं त्याला पाळणा म्हणायची. मी दोन दिवस लांबून बघितलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे काय चाललंय?"

सर आधी दाराकडं बघून आले. मग हळू आवाजात म्हणाले, "हे कॅडमियम आनि गंधकाचे कन हायत. अर्धवाहक. म्हंजे वीज नेतो बी आनि अडवतो बी."

"आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांसारखं," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. त्यांनी मला नीट समजावलं, आणि हे मला मान्य करायला हवं की त्याआधी कुणी प्राध्यापकानं मला कधी काही समजावलं नव्हतं. हे कण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. लहान असतात तोवर पाणी लिंबासारखं फिकं पिवळं दिसतं, वाढले की हळदीसारखं गडद होतं. एकटा कण एवढा हलका की पृथ्वीला तो खाली ओढायला जमत नाही. पण ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला बसतात. तिथं गर्दीत आणखी जाडे होतात. मग खाली ओढणारंच कुणी नसेल तर ते कसे वाढतील, हे सरांना बघायचं होतं.

"त्यासाटी अवकाशात जावं लागतं. आपल्याला कोन नेतंय? म्हनून चाक. कनाला खाली कुठं हाय ते कळायच्या आत बाटली फिरती. त्याला वाटतं, खाली असं काई न्हाईच."

"म्हंजे तुमी त्याला फसवता."

"फसवतो," सर म्हणाले, आणि पुन्हा दाराकडं बघितलं.

आता तुम्हीच सांगा, जो माणूस पृथ्वीला फसवायला निघालाय त्याच्यावर मी नजर ठेवणार नाही तर काय करणार?

तर सहा बाटल्या चाकावर, आणि तेच द्रावण भरलेल्या सहा बाटल्या अजिबात न हलवता ठेवलेल्या. दहा दिवसांनी दोन्हींची तुलना करायची. ही एक फेरी. स्थिर बाटल्या सरांनी भिंतीतल्या लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी पुसताना मला दिसलं, कपाटाच्या दोन दारांवर आडवा एक पांढरा दोरा डिंकानं चिकटवलेला. कुणी दार उघडलं तर तुटावा म्हणून.

प्रयोगशाळेची आणि तिथल्या कपाटांची दुसरी किल्ली फक्त माझ्याकडं होती. म्हणजे दोरा कुणासाठी, हे सांगायला नको.

माझ्या रागाला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तराजूच्या पितळी वजनांची पेटी सापडेना. मला कुणी चोर म्हटलं नाही. फक्त दोन दिवस संध्याकाळी दारात माझी डब्याची पिशवी उघडून बघितली. पेटी शेजारच्या विभागात निघाली, तेव्हा सगळे हसले आणि चहा प्याले. चूक झाली, असं कुणी म्हटलं नाही. म्हणून तो दोरा बघून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी त्या कपाटाला फडकंसुद्धा लावणं बंद केलं. त्यावर धूळ साठली. साठू दे म्हटलं.

पहिली फेरी झाली. चाकावरच्या आणि न हलवलेल्या बाटल्यांत काही फरक नाही. दोन्ही फिक्या. दुसरी फेरी, तेच. तिसरी, तेच. सरांना पाण्याचा शक आला, त्यांनी ते तीनदा ऊर्ध्वपातित केलं. मोटरचा शक आला, ती खोलून पुन्हा बसवली. चौथ्या फेरीनंतर विद्यापीठातल्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. फरक दिसत नसेल तर विषय बंद करा, शैक्षणिक वर्षअखेर पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपतेय. सर ते पत्र पालथं करून मागची कोरी बाजू बराच वेळ बघत बसले. या प्रश्नासाठी त्यांनी, इथं येण्याआधीपासून धरून, पाच वर्षं घातली होती. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती.

त्याच दुपारी त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमी कदी कपाट उगडलं व्हतं का?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी मीच म्हणाले, "दोरा तुटलाय का? न्हाय ना? मग कुन्या तोंडानं इचारता?" आणि तशीच प्राचार्यांकडं जाऊन लेखी तक्रार दिली. सहकारी प्राध्यापक माझ्यावर चोरीचा संशय घेतात, माझा अपमान करतात, वगैरे. प्राचार्यांनी सरांना बोलावलं. बाहेर बाकावर बसून मी ऐकत होते. सर एवढंच म्हणाले, "चूक माझी हाय. पुन्ना व्हनार न्हाय." दुसऱ्या दिवशी कपाटावरचा दोरा काढलेला होता.

त्यानंतर आमचं बोलणं बंद.

चैत्रात येडेश्वरीच्या यात्रेसाठी मी येरमाळ्याला माहेरी गेले, जोडून दहा दिवस रजा घेतली. परत आले तर सरांचा चेहराच वेगळा. पाचव्या फेरीत फरक आला होता. चाकावरच्या बाटल्या फिक्या, न हलवलेल्या गडद, आणि त्यांच्या तळाला हळदीसारखा थर. माझ्याशी ते बोलले नाहीत, पण शेजारच्या भौतिकशास्त्राच्या मॅडमना सांगताना मी ऐकलं. मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन, सर!"

"एकदा आलं म्हनून काय झालं? पुन्ना आलं पायजे."

पुन्हा आलं नाही. सहाव्या फेरीत दोन्ही संच परत सारखेच.

त्या दिवशी मी त्यांच्या टेबलाजवळचा कचरा काढत होते. सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. टेबलावर एक कागद होता. वर लिहिलं होतं, ‘पाचव्या फेरीत वेगळं काय होतं?’ खाली यादी. ऊन. पाणी. मोटर. बॅटरी. सुट्टीत बंद पंखे. प्रत्येकापुढं तपासल्याची खूण. आणि सगळ्यात शेवटी, ‘बाई रजेवर.’ त्यावर आडवी रेघ मारलेली, आणि पुढं लिहिलेलं, ‘हा शक घ्यायचा नाही.’

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं.

मग सर वळले. त्यांना मी खोलीत आहे याचंही भान नव्हतं बहुतेक. ते लोखंडी कपाटाकडं गेलेच नाहीत. ते गेले उघड्या मांडणीकडं, तिसऱ्या फळीवर, चुन्याच्या निवळीच्या सहा तपकिरी बाटल्यांकडं. एकेक उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"सर, त्या निवळीच्या न्हाईत?"

"न्हाय," ते दमलेल्या आवाजात म्हणाले. "हाच न हलवलेला संच. कुनाला कळू नये म्हनून चारचौगांत ठिवला. दुसरं लेबल लावून."

"मग कपाटात काय हाय?"

"पानी. कोन हात लावतंय का, ते बगायला."

त्या संध्याकाळी बसमध्ये येडशीपर्यंत माझं डोकं चालू होतं. मांडणीवर आल्या त्या पहिल्या दिवसापासून मी त्या बाटल्या रोज सकाळी पालथ्या करत होते. तळाला बसलेलं सगळं रोज वर आणत होते. दहा दिवस मी नव्हते, तेवढेच ते कण शांत बसले. माझ्यामागं फडक्याला हात कोण लावतो! सांगावं तर माझी तक्रार खोटी पडणार. त्यांचा शक खरा होता, हे सगळ्या कॉलेजला कळणार, आणि या वेळी पिशवी न तपासताच. न सांगावं तर महिन्याभरात त्यांचा विषय बंद होणार. आणि कुणालाही, कधीही कळणार नाही. मला तर मुळीच कुणी विचारणार नव्हतं. विचारायचं नाही, असं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं.

ती रेघ मारली नसती तर मी गप्प बसले असते. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

सकाळी सर आल्या आल्या मी त्यांच्यापुढं उभी राहिले. "सर, त्या बाटल्या म्या हलवते. रोज."

मला वाटलं, आता पत्ता कट. पण त्यांनी खिशातून पेन काढलं.

"रोज म्हंजे किती येळा?"

"एकदा. सकाळी."

"नुसतं हलवून का पालथं करून?"

"पालथं करून. पुन्ना सरळ."

"रविवारी?"

"रविवारी सुट्टी असती की."

ते लिहीत गेले आणि मग एकदम हसायला लागले. त्यांचे दात मी पहिल्यांदाच बघितले. पुढचा एक अर्धा तुटलेला होता. "म्हंजे पाच फेऱ्या वाया न्हाय गेल्या, बाई! तळाला बसू दिलं न्हाय तर कन जाडे व्हत न्हाईत, हे तुमच्या हातानं पाच येळा दाखवलं. चाकाचं काम तुमी फुकट केलं!"

मला हसू आलं नाही. मला रडू आलं.

शेवटची फेरी ठरली. त्या दहा दिवसांत मी तिसऱ्या फळीवर फडकं नेलं नाही, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दहाव्या दिवशी मॅडमनी बाराही बाटल्यांतलं पाणी साध्या काचेच्या नळ्यांत ओतलं, प्रत्येकीला नुसता आकडा लावला, आणि कुठला आकडा कुठल्या बाटलीचा ते पाकिटात बंद केलं. सर म्हणाले, "नळ्या बाईंनी लावायच्या. फिक्या एकीकडं, गडद एकीकडं. यंत्राकडं नंतर पाठवू."

"म्या कशाला? तुमीच बगा की."

"मला पायजे तेच दिसंल. माजा माज्यावर शक हाय."

"आनि माज्यावर न्हाय?"

"हाय की. पयला तुमच्या हातावर व्हता, आता तुमच्या मायेवर हाय. म्हनून तर आकडे लावले."

आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन दाराकडं पाठ करून उभे राहिले. मी एकेक नळी खिडकीत धरली. कुठली चाकावरची ते ठाऊक असतं तर मी खोटं बोलले असते, हे नक्की. ठाऊकच नव्हतं. पाच फिक्या निघाल्या, सहा गडद. एक मात्र धड इकडची नाही, धड तिकडची नाही. मी ती मधे ठेवली आणि हाक मारली.

मॅडमनी पाकीट फोडलं. सहा गडद, सगळ्या न हलवलेल्या. पाच फिक्या, सगळ्या चाकावरच्या. मधली चाकावरचीच होती, पण ती बिघडलेली म्हणून सरांनी तशीच लिहून ठेवली. नंतर विद्यापीठातल्या यंत्रानंही तेच सांगितलं. मुदतीच्या आत सगळं झालं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं.

प्रबंध लिहिताना मार्गदर्शकांनी सरांना सांगितलं की त्या फसलेल्या पाच फेऱ्या गाळून टाका, कुणाला कळणार आहे? सरांनी गाळल्या नाहीत. प्रबंध त्यामुळं दोनदा परत आला. हे मला मॅडमकडून कळलं. म्हणजे मी काय केलं ते छापून येणार. कायमचं, जाड पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत.

"सर, ते काढून टाका," मी म्हटलं.

"ते कसं काडता यील? झालंय ते."

"माज्याबद्दल काय लिवलंय?"

"वाचा की."

मी वाचलं नाही. इंग्रजी मला जेमतेम येतं, हे एक. दुसरं म्हणजे मला खात्रीच होती. कागदावर माणूस आपली मान सोडवतो आणि दुसऱ्याची अडकवतो, हे मी ऑफिसात इतकी वर्षं बघतच होते. प्रबंध तिसऱ्यांदा तसाच मान्य झाला, सरांना पदवी मिळाली. त्यांनी पेढे आणले. मी एक घेतला, पण तोंडात न घालता कागदात बांधून ठेवला. पुढं दीड वर्षानं ते निवृत्त झाले, तोवर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ते मात्र रोज आल्यावर विचारायचे, "बाई, बरं हाय का?" मी नुसती मान हलवायचे.

मागच्या पावसाळ्यात सर गेले. झोपेतच. अणदूरला माती दिली. मी गेले होते, बायकांच्या घोळक्यात मागं बसून आले.

परवा विभागात नवी कपाटं आली. जुनं सामान बाहेर काढताना सरांचा प्रबंध हाताला लागला. धूळ पुसली. आणि का कोण जाणे, तो मॅडमकडं घेऊन गेले. म्हटलं, "त्या पाच फेऱ्यांचं पान काडून वाचा. मराठीत सांगा. माज्याबद्दल जे असंल ते सांगा, म्या काय रुसत न्हाय."

मॅडमनी पान शोधलं. आधी मनात वाचलं, मग माझ्याकडं बघितलं.

"लिहिलंय, ‘या पाच फेऱ्यांत स्थिर संच दररोज हलवला गेला. यात परिचराचा काहीही दोष नाही. त्या आपलं काम चोख करत होत्या. संशोधकाने अविश्वासापोटी त्यांना या बाटल्यांबद्दल सांगितले नव्हते. दोष संशोधकाचा आहे. ही चूक परिचरांनीच स्वतःहून उघड केली. नाहीतर हे काम पूर्ण झाले नसते.’"

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या बाजूनं कुणी लेखी दिलेलं हे एवढंच. मी त्यांच्याविरुद्ध दिलेला अर्ज अजून ऑफिसच्या फाइलीत आहे.

मी मॅडमना म्हटलं, "पुन्ना एकदा वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं.